दर दुसऱ्या गुरुवारी

डनीडनहून रोझलिन येते, अडीच तास गाडी चालवत,
मेंढरांच्या कुरणांमधून, दक्षिणेचा वारा आडवा घेत.
इन्व्हरकार्गिलचा वारा दमत नाही.
आमच्या दाराची बिजागरी त्यानेच ढिली केली,
हे मी तिला दर वेळी सांगते, आणि दर वेळी
ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसते.

टेबलावर चहा, चीजचे स्कोन, आणि मेरिनची फाईल.
फाईल आता दोन भागांत आहे. रबर तुटलं.

डॉक्टर व्हेनेबल्स सांगतात, वर्षात तीन गोळ्या बदलल्या.
तावीता म्हणतो, पोर मायेची भुकेली आहे हो.
त्याने तिला स्वतःचा नंबर दिलाय. ते तो म्हणत नाही.
फर्गस म्हणतो, नाटकं.
धरलं तर चावते, सोडलं तर पुलावर जाऊन उभी राहते.

पुलावर.
मी इतिवृत्तात लिहिते: पुलावर.

मग ते मेरिनला सोडून एकमेकांवर घसरतात.
तू लाडावलीस. तू लाथाडलीस.
एकाच्या तोंडी ती लेक, दुसऱ्याच्या तोंडी लबाड,
आणि ती स्वतः कुठे, तर ब्लफच्या कारखान्यात
रबरी बूट घालून शिंपले उघडत.
रोझलिन स्कोनचा चुरा बोटाने गोळा करत राहते.
तिला एवढ्या लांबून बोलावतो आम्ही,
आणि ती निवाडाच देत नाही!
फर्गसला राग येतो तो याचाच.

नंतर ती विचारते,
मेरिन या दारातून आत येते, तेव्हा तिला आधी कोण भेटतं?

सगळे माझ्याकडे बघतात.
अकरा वर्षांत या खोलीत
माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं.
मी पेन खाली ठेवते.

मी सांगते, शिंपला कसा उघडायचा ते तिने मला सांगितलंय.
सुरी तोंडातून नाही घालायची, बिजागरीकडून,
आणि घाई केली की आपलाच तळवा फाटतो.
तिचा तळवा मी पाहिलाय. तिथल्या सगळ्याच खुणा
शिंपल्यांच्या नाहीत, तेही पाहिलंय.
माझ्या म्हाताऱ्या कुत्रीची चौकशी ती न चुकता करते.

आणि मग, कुणी विचारलेलं नसताना,
तो मंगळवार माझ्या तोंडून निघतो.
ती आली होती, वेळ न घेता, डोक्यावर कोटाची टोपी.
मी म्हटलं, सगळे बैठकीत आहेत.
बैठक नव्हती. फर्गसचा वाढदिवस होता.
फुंकलेल्या मेणबत्त्यांचा वास
माझ्या खिडकीपर्यंत आला होता, म्हणजे तिच्यापर्यंतही.
ती म्हणाली, ठीक आहे.
फारच नीट म्हणाली.
त्याच संध्याकाळी पूल.

खोलीत फक्त हीटरची टकटक.
फर्गस कपाच्या तळाशी काहीतरी शोधतो.
तावीता मान न उचलता सांगतो, माझा नंबर आहे तिच्याकडे.
त्या रात्री तिने केला होता. मी उचलला नाही.

रोझलिन कुणालाच माफ करत नाही. दोषही देत नाही.
विचारते, पुढच्या वेळी दारात खरं काय सांगता येईल?
तासभर आम्ही त्या एका वाक्यावर भांडतो.
शेवटी एका कागदावर चार ओळी उतरतात,
पाचवी फर्गस खोडतो, परत लिहितो.
ती निघते. दार नेहमीसारखं आपटतं.

शुक्रवारी, पाचला दहा कमी असताना, फोन.
कागद समोर आहे, पण चष्मा सापडत नाही.
मी म्हणते, मेरिन, तावीता आहे, पण घरी निघालाय.
तुला सोमवारी दहाला भेटेल. आज केक नाहीये.

बराच वेळ काही नाही.
मग, खोटारडी, ती म्हणते,
आणि हसल्यासारखं काहीतरी.
सोमवारी दहा? दहाला, मी म्हणते.
कुत्री कशी आहे?
फोनमध्ये वारा घोंघावतो,
तिच्या बाजूचा की आमच्या दारातला,
कळत नाही.
मी विचारते, तू आत्ता कुठे उभी आहेस?